सटवाईचा लेख आणि पहिल्या मिनिटाचा आकडा

पाचव्या रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळावर त्याचं नशीब लिहून जाते, असं आपल्या आजी-पणजींना सांगितलं गेलं. पाट मांडायचा, कोरा कागद आणि लेखणी ठेवायची, दिवा विझू द्यायचा नाही. सटवाईने लिहिलेलं कुणाला वाचता येत नाही, खोडता येत नाही. त्याबद्दल कुणाला जाबही विचारता येत नाही. बाळ दगावलं की 'तेवढंच लिहून आणलं होतं' असं म्हणायचं आणि डोळे पुसायचे. ज्या समाजात लेखणी एकाच वर्गाच्या हातात होती, त्या समाजात नशीब लिहिणारी देवीही अदृश्य शाईने लिहिणारी असावी, यात आम्हाला काही नवल वाटत नाही.

बाळाच्या नावाने होणारं दुसरंही एक लिखाण आहे. ते पाचव्या रात्री नव्हे, पहिल्याच मिनिटाला होतं. दवाखान्याच्या केसपेपरवर शून्य ते दहामधला एक आकडा लिहिला जातो आणि पाचव्या मिनिटाला दुसरा. तो वाचता येतो, पडताळता येतो, आणि त्यावरून प्रश्न विचारता येतात. त्याला ॲपगर स्कोअर म्हणतात. आपल्यातल्या बहुतेकांच्या जन्माची तारीख घरच्यांना पाठ असते, हा आकडा मात्र कुणाला विचारलाच गेलेला नसतो. तो कुठून आला आणि आपल्या चळवळीशी त्याचा काय संबंध, हे सांगण्यासाठी हा लेख.

सुरुवात अमेरिकेतून करावी लागेल. १९४०च्या दशकात तिथल्या शहरांतली बाळंतपणं दवाखान्यात होऊ लागली होती. भूल, शस्त्रक्रिया, रक्त, प्रतिजैविकं हे सगळं आलं होतं. एक वर्षाच्या आतल्या बाळांचे मृत्यू घटत होते, पण जन्मानंतरच्या पहिल्या चोवीस तासांतले मृत्यू त्या मानाने हटत नव्हते. कारण प्रसूतिगृहात सगळ्यांचं लक्ष आईकडे असायचं. नाळ कापली की बाळ बाजूला दिलं जायचं. ते जोरात रडलं तर ठीक. निळं पडलेलं, लुळं, वजनाने फार कमी किंवा श्वास न घेणारं बाळ अनेकदा 'मृत जन्मलं' असं समजून तसंच ठेवलं जायचं. त्यातली काही बाळं वाचली असती. पण बाळाला तपासायचं कुणी, कधी आणि कशावरून, याची ठरलेली पद्धतच नव्हती. एक डॉक्टर 'बरं आहे' म्हणे, दुसरा 'कठीण आहे' म्हणे, आणि दोघांचं बोलणं पडताळायला काही साधन नव्हतं.

ही पद्धत घालून दिली डॉ. व्हर्जिनिया ॲपगर यांनी. जन्म १९०९, न्यू जर्सी. १९३३ साली कोलंबिया विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयातून त्या डॉक्टर झाल्या. त्यांना सर्जन व्हायचं होतं. तिथल्या शल्यविभागाच्या प्रमुखांनी त्यांना त्या वाटेवरून परावृत्त केलं. बाई सर्जन म्हणून टिकणं कठीण, असं त्यामागचं गणित होतं. त्यांना भूल देण्याच्या कामाकडे वळवलं गेलं. ते काम तेव्हा मुख्यतः परिचारिका करायच्या आणि डॉक्टरांमध्ये त्याला फारशी प्रतिष्ठा नव्हती. ॲपगर यांनी ते मनापासून शिकून घेतलं. १९३८ पासून त्यांनी कोलंबियात भूलशास्त्राचा विभाग उभा केला. पण १९४९ साली त्याला स्वतंत्र खात्याचा दर्जा मिळाला तेव्हा प्रमुखपद एका पुरुषाला दिलं गेलं. ॲपगर त्या महाविद्यालयातल्या पहिल्या महिला पूर्ण प्राध्यापक झाल्या आणि प्रसूतीच्या वेळी द्यायच्या भुलीवर काम करू लागल्या.

जातीचा अनुभव आणि गोऱ्या अमेरिकन स्त्रीचा अनुभव एकच, असं आम्ही म्हणणार नाही. पण समाजशास्त्रातली एक गोष्ट इथे लागू पडते. ज्याला मधल्या खुर्चीवर बसू दिलं जात नाही, त्याला खोलीतल्या कोपऱ्यात काय चाललंय ते दिसतं. भूलतज्ज्ञ आईच्या उशाशी उभा असतो. ॲपगर यांना तिथून बाजूला ठेवलेलं बाळ दिसलं.

१९४९च्या सुमाराची एक गोष्ट सांगितली जाते. सकाळच्या नाश्त्याच्या वेळी एका विद्यार्थ्याने त्यांना विचारलं, नवजात बाळाची प्रकृती ठरवायची कशी? त्यांनी हाताशी असलेल्या चिठ्ठीवर पाच मुद्दे लिहिले आणि लगेच प्रसूतिगृह गाठून ते वापरून पाहिले. १९५२ साली त्यांनी ही पद्धत भूलतज्ज्ञांच्या परिषदेत मांडली आणि १९५३ साली ती छापून आली. १९५२ हेच ते वर्ष, ज्या वर्षी ५ जूनला कोलंबिया विद्यापीठाने बाबासाहेबांना एलएल.डी. ही सन्माननीय पदवी दिली. हा योगायोग आहे. त्यावरून कुणी दोघांची भेट घडवून व्हॉट्सॲपवर फिरवू नये!

ते पाच मुद्दे असे: हृदयाचे ठोके, श्वास, स्नायूंचा ताण, चेतवल्यावर मिळणारा प्रतिसाद आणि त्वचेचा रंग. प्रत्येकाला शून्य, एक किंवा दोन गुण. ठोके नसले तर शून्य, मिनिटाला शंभरापेक्षा कमी असले तर एक, शंभराच्या वर असले तर दोन. श्वास नसला तर शून्य, मंद किंवा अनियमित असला तर एक, बाळ खणखणीत रडलं तर दोन. हातपाय लुळे असले तर शून्य, थोडे आखडलेले असले तर एक, बाळ ते झाडत असलं तर दोन. तळव्याला टिचकी मारल्यावर काहीच हालचाल नसली तर शून्य, तोंड वाकडं केलं तर एक, रडलं किंवा शिंकलं तर दोन. अंग निळं-पांढरं असलं तर शून्य, धड गुलाबी पण हातपाय निळे असले तर एक, सगळं गुलाबी असलं तर दोन. बेरीज सात ते दहा आली तर ठीक, चार ते सहा आली तर काळजी, तीन किंवा त्याहून कमी आली तर धावपळ. सगळ्याला एक मिनिट पुरतं. यंत्र लागत नाही. डोळे, कान, हात आणि घड्याळ एवढंच लागतं.

त्यांच्या पहिल्या अभ्यासातले आकडे बोलके आहेत. पूर्ण दिवसांच्या बाळांपैकी ज्यांना शून्य ते दोन गुण मिळाले, त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण १४ टक्के होतं. तीन ते सात गुणांच्या बाळांत ते १.१ टक्के, आणि आठ ते दहा गुणांच्या बाळांत ०.१३ टक्के. म्हणजे कोणत्या बाळाकडे आधी धावायचं हे पहिल्याच मिनिटाला कळू शकत होतं. १९५८ पर्यंत त्यांनी आणि सहकाऱ्यांनी पंधरा हजारांहून अधिक बाळांच्या नोंदी मांडल्या होत्या. त्या नोंदींतून डॉक्टरांच्या स्वतःच्या चुकाही उघड्या पडू लागल्या. आईला दिलेल्या कोणत्या भुलीने बाळ मंदावतं हे आकड्यांत दिसू लागलं, आणि ॲपगर यांनी आपल्या आवडीचा भुलीचा वायूही सोडून दिला.

या पद्धतीतला एक नियम आम्हाला सगळ्यांत मोलाचा वाटतो. ॲपगर यांचं म्हणणं होतं की, ज्याच्या हातून प्रसूती झाली त्याने बाळाला गुण देऊ नयेत. खोलीतल्या दुसऱ्या कुणीतरी द्यावेत. आपल्याच कामाला माणूस नकळत दोन गुण जास्त देतो. साधी गोष्ट आहे, पण आपल्या देशात ती कुठे पाळली जाते? गावाने केलेल्या अत्याचाराचा पंचनामा गावच करतं. वसतिगृहाच्या जेवणाचा अहवाल ठेकेदाराचाच माणूस भरतो. आरक्षणाचा अनुशेष किती, हे तो ठेवणारंच खातं सांगतं. बाळाला गुण देणारा माणूस वेगळा असावा, हा नियम म्हणूनच आम्हाला नुसता वैद्यकीय वाटत नाही.

आता या पद्धतीतल्या खोटीकडे येऊ. बाबासाहेबांनी बुद्ध स्वीकारला तो कालामांना 'मी सांगतो म्हणून मानू नका' हे शिकवणारा. ॲपगर स्कोअरलाही तीच कसोटी लावली पाहिजे. 'सगळं अंग गुलाबी' म्हणजे दोन गुण. कुणाचं अंग? न्यूयॉर्कच्या गोऱ्या बाळाचं. १९५३च्या लेखात ॲपगर यांनीच लिहून ठेवलं होतं की रंग हे पाचांतलं सगळ्यांत असमाधानकारक लक्षण आहे आणि काळ्या बाळांच्या बाबतीत कातडीच्या मूळ रंगामुळे ते ओळखायला अडचण येते. तरी तो मुद्दा तक्त्यात राहिला आणि जगभर गेला. गेल्या काही वर्षांत अमेरिकेतल्या अभ्यासांनी दाखवलं की काळ्या बाळांना रंगाच्या मुद्द्यावर कमी गुण दिले जातात. २०२३ साली ब्रिटनमधल्या एनएचएस रेस अँड हेल्थ ऑब्झर्व्हेटरी या संस्थेच्या अहवालाने 'गुलाबी', 'निळं', 'पांढरंफटक' ही भाषा काळ्या आणि सावळ्या बाळांसाठी निरुपयोगी असल्याचं सांगून ती बदलण्याची शिफारस केली. सावळ्या बाळाची निळसर झाक ओठ, जीभ आणि हिरड्यांवर पाहावी लागते. बोटाला लावायचा ऑक्सिमीटरही काळ्या कातडीवर कधीकधी प्रत्यक्षापेक्षा जास्त ऑक्सिजन दाखवतो, हे २०२० साली मोठ्यांच्या नोंदींवरून पुढे आलं. विज्ञान वर्णभेदापासून आपोआप मुक्त नसतं. पण विज्ञानाच्या चुकीवर विज्ञानानेच बोट ठेवता येतं. सटवाईच्या लेखात चूक दाखवायची सोय नाही.

आता आपल्या मातीत येऊ. इथे बाळाला पहिला हात कुणाचा लागायचा? महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांत सुईणपण मांग बाईकडे असायचं. उत्तर भारतात नाळ कापण्याचं काम चांभार जातीच्या बाईवर लादलेलं होतं. म्हणजे गावातल्या पाटलाच्या, कुलकर्ण्याच्या बाळाला जगात आणणारे हात अस्पृश्याचे. त्याच हातांचा स्पर्श पुढे आयुष्यभर विटाळ. बाळंतपणाचं रक्त अपवित्र, म्हणून ते काम अपवित्र, म्हणून ते करणारी जात अपवित्र. ज्या कामाला जगात सगळ्यांत जास्त कौशल्य आणि जबाबदारी लागते, त्याला इथे शिक्षेसारखं एका जातीच्या गळ्यात अडकवलं गेलं. जातिव्यवस्थेने श्रमाबरोबर श्रम करणाऱ्या माणसांचीच वाटणी केली, हे बाबासाहेबांचं विवेचन सुईणीच्या हातांइतकं दुसरीकडे क्वचितच स्पष्ट दिसतं.

आणि त्या सुईणीच्या स्वतःच्या बाळाचं काय? १८५५ साली जोतिबा-सावित्रीबाईंच्या शाळेतली मातंग विद्यार्थिनी मुक्ता साळवे हिने 'ज्ञानोदय'मध्ये छापून आलेल्या निबंधात हे दुःख लिहून ठेवलं. आपल्या बायका बाळंत होतात तेव्हा डोक्यावर धड छप्परही नसतं, हे सांगणारी ती चौदा वर्षांच्या आसपासची मुलगी होती. दुसऱ्याच्या घरातलं बाळ जगवायचं आणि आपलं उघड्यावर, थंडीपावसात. नवजात बाळाला सगळ्यांत आधी ऊब लागते, हे आज प्रत्येक प्रशिक्षणात शिकवतात. मुक्ताने ते १८५५ साली सांगितलं होतं.

१८६३ साली फुले दांपत्याने पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. तिथे विधवा स्त्रियांनी गुपचूप येऊन बाळंत व्हावं आणि बाळ जिवंत राहावं, एवढीच अट होती. ज्या ब्राह्मणी समाजाने या विधवांना नरकात ढकललं होतं, त्यांच्याच बाळांना शूद्र ठरवलेल्या जोडप्याने आसरा दिला. काशीबाई या ब्राह्मण विधवेचा मुलगा यशवंत त्यांनी दत्तक घेतला, तो पुढे डॉक्टर झाला. बाळ कुणाचं हा प्रश्न बाजूला ठेवून बाळ जगतंय का हा प्रश्न विचारणं, ही नव्वद वर्षांनी कोलंबियात मांडल्या गेलेल्या पद्धतीची नैतिक बाजू होती. ती आपल्याकडे आधीच मांडली गेली होती. साधन तेवढं नंतर आलं.

इंग्रज सरकारच्या काळात १८८५ साली लेडी डफरिन फंड निघाला, १९०३ साली दायांच्या प्रशिक्षणासाठी व्हिक्टोरिया स्मृती निधी आला. त्या काळच्या लिखाणात बाळ-बाळंतिणीच्या मृत्यूचं खापर सर्रास 'अडाणी, घाणेरड्या दाई'वर फोडलेलं दिसतं. दाईच्या हाती स्वच्छ पातं, गरम पाणी आणि अक्षरओळख का नव्हती, हा प्रश्न क्वचितच कुणी विचारला. आज उलट टोकाला जाऊन 'आपल्या पारंपरिक दाईला सगळं येत होतं' असं गोडवे गाणारेही भेटतात. आम्हाला दोन्ही बोलणी मान्य नाहीत. तिच्याकडे अनुभवाचं ज्ञान होतं हे खरं. ते लिहून ठेवण्याचा, तपासण्याचा, वाढवण्याचा अधिकार तिला नाकारला गेला हेही खरं.

म्हणूनच उत्तर प्रदेशातल्या चांभार समाजाने स्वातंत्र्यानंतर नारा-मवेशी आंदोलन केलं. नारा म्हणजे नाळ, मवेशी म्हणजे ढोरं. आम्ही मेलेली ढोरं ओढणार नाही आणि आमच्या बायका नाळ कापणार नाहीत, असं त्यांनी ठणकावलं. त्याची किंमत त्यांना मारहाण आणि बहिष्काराने मोजावी लागली. पण मुद्दा पक्का होता. काम हलकं नाही, सक्ती हलकी आहे. हेच काम नर्सिंग कॉलेजात शिकून, पगार घेऊन, गणवेश घालून केलं की ते सन्मानाचं होतं. मग ते सन्मानाने का मिळू नये?

बाबासाहेबांना हा प्रश्न कायद्याचा वाटत होता तसाच तो घरचाही होता. रमाईंनी पाच मुलांना जन्म दिला, त्यातला यशवंत तेवढा जगला. चार लेकरं गेली. राजरत्न गेला तो १९२६ साली. दोनच वर्षांनी, जुलै १९२८ मध्ये, मुंबई विधिमंडळात गिरणी कामगार स्त्रियांच्या प्रसूती लाभाच्या विधेयकाला त्यांनी पाठिंबा दिला. आईला बाळंतपणाच्या आधी आणि नंतर विश्रांती मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे, आणि तिच्या श्रमावर नफा कमावणाऱ्या मालकाने त्याचा भार उचललाच पाहिजे, अशी त्यांची मांडणी होती. १९२९ साली तो कायदा झाला. पुढे मजूरमंत्री असताना खाणीत काम करणाऱ्या स्त्रियांच्या प्रसूती लाभातही त्यांनी सुधारणा केल्या. स्वतःची लेकरं गमावलेल्या बापाने नशिबाला बोल लावला नाही. त्याने आईच्या रजेचा आणि मजुरीचा हिशेब मागितला.

आज चित्र बदललंय, हे मान्य करायलाच हवं. २००५-०६च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दवाखान्यातली बाळंतपणं ३८.७ टक्के होती, २०१९-२१च्या पाहणीत ती ८८.६ टक्के झाली. तरीही त्याच पाहणीत दर हजार जन्मांमागे सुमारे पंचवीस बाळं पहिल्या महिन्यातच जातात, आणि अनुसूचित जाती-जमातींत हे प्रमाण देशाच्या सरासरीपेक्षा जास्त आहे. पहिल्या मिनिटाला सगळ्यांना एकच मापपट्टी लावली तरी त्या मिनिटापर्यंत आई काय खाऊन आली, किती दिवस ऊस तोडत होती, रुग्णवाहिका कधी आली, यात समता नसते.

म्हणून आकड्याची मर्यादाही कार्यकर्त्यांनी समजून घ्यावी. बाळ श्वास घेत नसेल तर गुण मोजत थांबायचं नसतं. पुसणं, ऊब, श्वासमार्ग मोकळा करणं आणि गरज पडली तर पिशवी-मास्कने श्वास देणं हे पहिल्या मिनिटातच सुरू व्हावं लागतं. कमी गुण म्हणजे मूल पुढे मंदबुद्धी होणार असं भाकीत तर मुळीच नव्हे. तसं सांगितलं तर तीही नवी सटवाईच झाली. पाचव्या मिनिटाला गुण सातपेक्षा कमी असतील तर दर पाच मिनिटांनी, विसाव्या मिनिटापर्यंत, पुन्हा मोजायचे असतात. आकडा बदलतो, आणि तो बदलणं हेच तर उपचाराचं काम आहे.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून हे शिकवलं. घरी जन्मलेल्या बाळाची तपासणी, ऊब, गुदमरलेल्या बाळाला श्वास देणं, जंतुसंसर्गावर औषध. १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या त्यांच्या अहवालानुसार तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला. अडाणी म्हणून हिणवलेल्या हातांना ज्ञान आणि साधन मिळालं की काय होतं, त्याचा हा पुरावा. २०११ पासून देशभर आशाताई नवजात बाळाच्या घरी ठरलेल्या दिवशी भेटी देतात. पण त्यांना अजूनही 'स्वयंसेविका' म्हणून तुटपुंज्या मोबदल्यावर राबवलं जातं. नाळ कापणारीला पसाभर धान्य द्यायचं आणि बाळ वाचवणारीला भेटीमागे मोबदला द्यायचा, या दोन हिशेबांत नातं आहे.

मग आपण करायचं काय? वस्तीतल्या प्रत्येक बाळंतपणानंतर डिस्चार्ज कार्डावर पहिल्या आणि पाचव्या मिनिटाचा ॲपगर, वजन, आणि बाळ लगेच रडलं का, हे लिहिलंय की नाही ते पाहायचं. जागा कोरी असेल तर विचारायचं. केसपेपरची प्रत मागायची. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२च्या नियमांनुसार मागणी केल्यावर ७२ तासांत नोंदी देणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. बाळ दगावलं तर 'मृत जन्मलं' या दोन शब्दांवर गप्प बसायचं नाही. ठोके होते का, श्वास द्यायचा प्रयत्न झाला का, कुणी केला, हे विचारायचं. डॉक्टर-नर्सवर हात उगारून काही मिळत नाही, नोंद मागून मिळतं. आणि विहारात बाळाच्या नावाची वंदना घेताना सटवाईच्या पाटाला घरातून कायमची रजा द्यायची. १४ ऑक्टोबर १९५६ला आपण नशीब लिहिणाऱ्यांना नकार दिला आहे.

आपल्या पूर्वजांच्या बाळांची कुठेच नोंद झाली नाही. किती जन्मली, किती गेली, कशाने गेली, कुणी लिहिलं नाही. आपल्या लेकरांची नोंद पहिल्या मिनिटापासून झाली पाहिजे, आणि ती वाचायला आपण शिकलं पाहिजे.

जय भीम!